डब्यातली काळी चटणी आणि तिचं पिवळं फूल

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या भागात रूम घेऊन राहत असाल, तर मेसच्या डब्यात कधी ना कधी ती काळपट, कोरडी चटणी आलीच असेल. भाजी फसली की त्या दिवशी तीच तारते. बरेच जण तिला ‘काळ्या तिळाची’ म्हणून मोकळे होतात. पण तिळाशी तिचं काही नातं नाही! ती कारळ्याची, म्हणजेच खुरासणीची चटणी. आणि कारळा हा सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्या घराण्यातला.

त्याचं फूल तुम्ही पाहिलंय, फक्त नाव चुकलंय. पावसाळा सरताना इगतपुरी, भंडारदऱ्याकडे बाइक काढली की उतारावर पिवळेधमक पट्टे दिसतात. आपण थांबतो, रील काढतो आणि खाली ‘सोनकी’ लिहितो. सोनकीही याच घराण्यातली, पण ती रानात आपोआप येते. कारळा कुणीतरी पेरलेला असतो. तेव्हा फोटोसाठी आत घुसण्याआधी बघा, ते शेत असू शकतं.

मूळचा हा इथिओपियाचा. तिथे त्याला ‘नूग’ म्हणतात आणि त्याचं तेल रोजच्या स्वयंपाकात असतं. आपल्याकडे तो हलक्या, मुरमाड जमिनीवर, निव्वळ पावसाच्या पाण्यावर येतो. हेक्टरी जेमतेम ५ किलो बियाणं पुरतं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून काही शेतकरी दुसऱ्या पिकाच्या कडेने कारळा लावतात, फुकटचं कुंपण! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्रात यावर संशोधन चालतं.

तरीही देशात कारळ्याखालचं क्षेत्र गेल्या काही दशकांत घटत गेलंय. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने हमीभावात सगळ्यात मोठी वाढ याच पिकाला दिली: क्विंटलमागे ८२० रुपये, म्हणजे भाव ९,५३७ रुपये. ऐकायला झकास. पण डोंगरातल्या शेतकऱ्याकडे विकायला असतं एखाद-दुसरं पोतं. तेवढ्यासाठी तो खरेदी केंद्र शोधत फिरणार, की गावात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होणार? उत्तर तुम्हीच द्या. गंमत म्हणजे हेच बी अमेरिकेत अंगणात येणाऱ्या गोल्डफिंच पक्ष्यांचा खाऊ म्हणून विकलं जातं. सोबत अमरवेलीसारख्या तणाचं बी जिवंत जाऊ नये, म्हणून ते आधी तापवावं लागतं.

आता तुमच्या गच्चीचं बघू. घरमालक काका-काकूंना विचारा, आणि जूनअखेर ते जुलैत किराणा दुकानातून मूठभर कच्चा कारळा आणा. भाजलेला उगवणार नाही. कुंडीत माती-वाळू मिसळून बी पेरा, वर मातीचा पातळ थर द्या. आठवडाभरात कोंब दिसतात. पाणी साठू देऊ नका, खताचे लाड तर नकोतच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: एकच रोप लावून चालत नाही. कारळ्याला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचेच लागतात आणि ते आणते मधमाशी. एकट्या झाडाला फुलं भरपूर येतील, दाणे जवळपास नाही. म्हणून दहा-बारा रोपं जवळजवळ ठेवा आणि फुलोऱ्यात कसलीही फवारणी करू नका. शेजारच्या गच्चीवर मित्राने लावला तर उत्तमच, माश्यांना आपली सोसायटी कुठली ते कळत नाही.

साधारण साडेतीन महिन्यांत बोंडं तपकिरी होतात. तेव्हाच कापा, उशीर झाला की दाणे गळतात. मिळतील ते बहुधा चार-पाच चमचेच, कारण एका चमच्यात हजारभर दाणे मावतात. मंद आचेवर भाजा, लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटा, आणि पुढच्या वेळी मेसची भाजी फसली की डबा उघडा.