दारातल्या मोटारसायकलची निगा

मंडळी, बैल दारात बांधला की आपण त्याला वेळेवर पाणी दाखवतो. खूर पाहतो. जू लागून मान सुजली का, ते हात फिरवून बघतो. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. बापाचे पाहून आपण शिकलो. आता बैलाच्या जागी, किंवा बैलाच्या जोडीला, दारात मोटारसायकल उभी असते. तिचे आपण काय करतो? पेट्रोल टाकतो आणि किक मारतो. बंद पडली की ढकलत मेकॅनिककडे नेतो.

यात सगळा दोष आपला नाही. आपल्या बापाने मोटारसायकल ठेवली नव्हती, मग शिकवणार कोण? शिवाय पहिल्या गाड्यांनी आपल्याला एक सवय लावली. १९७२ साली कायनेटिक कंपनीची लुना आली. तिला सायकलसारखे पायडल होते. त्याच काळात राजदूतही रस्त्यावर होती. या गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. पेट्रोलबरोबर ऑइल इंजिनात जाई आणि जळून धूर होऊन बाहेर पडे. म्हणजे पेट्रोल दिले की ऑइलही दिले गेले. इंजिनातले ऑइल वेगळे मोजायची गरज नसे.

पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० निघाली. तिचे इंजिन वेगळ्या जातीचे होते. त्यात ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. ते इंजिनच्या पोटात वेगळे साठवलेले असते आणि तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. आज आपल्या दारात ज्या लहान गाड्या आहेत, त्या बहुतेक सगळ्या याच जातीच्या. या गाड्या पेट्रोल कमी खातात. त्या काळची जाहिरातही सांगे की, पेट्रोल भरा आणि विसरून जा. लोकांनी पेट्रोलबरोबर ऑइलही विसरून टाकले.

विसरणाऱ्यांत मीही होतो. ते सांगतो.

२००४ सालची गोष्ट. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा होऊन सहा वर्षे झाली होती. मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. दोन वर्षांपूर्वी एक जुनी गाडी विकत घेतली होती. सप्टेंबर महिन्यात एका रात्री माझ्या आईला धाप लागली. गावात वाहन नव्हते. मी गाडी काढली. मध्ये आईला बसवले, मागे धाकटा भाऊ तिला धरून बसला. तिघांनी बसू नये हे मला ठाऊक होते, पण दुसरा इलाज नव्हता. वाशीम आठ-नऊ किलोमीटर राहिले असेल. इंजिनातून कटकट असा आवाज येऊ लागला. मग जोर कमी झाला. मग कोणी मागून ओढून धरावी तशी गाडी थांबली. किक मारायला गेलो, तर ती खालीच जाईना. आई रस्त्याच्या कडेला बसली होती आणि तिचा श्वास मला अंधारात ऐकू येत होता. पाऊण तासाने बाजाराला भाजी नेणारा एक टेम्पो आला. त्याने तिला दवाखान्यात पोचवले. आई बरी झाली. नंतर सहा वर्षे होती. पण तो पाऊण तास माझ्या डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने विचारले, "गुर्जी, तेल कवा पाह्यलं होतं?" मी गप्प. त्याने खालचा बोल्ट खोलला. कपभर तेल निघाले, तेही डांबरासारखे. तेलावाचून पिस्टन तापून सिलिंडरला धरला होता. माझा अर्धा पगार इंजिनच्या कामात गेला. घरी आल्यावर सीटखाली पाहिले, तर गाडीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती. तेल कसे बघायचे ते तिच्यात चित्र काढून दाखवले होते. जन्मभर मुलांना वाचायला शिकवणाऱ्या मास्तराने ती कधी उघडली नव्हती. आता तुम्हांला वाचता येते. तुमची गाडी असेल, तर तिची पुस्तिका आजच शोधा. हरवली असेल, तर कंपनीच्या दुकानात विचारा.

आता तेल पाहायची रीत सांगतो. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवा. मग बंद करून तेवढाच वेळ थांबा, म्हणजे वर गेलेले तेल खाली उतरते. इंजिनच्या बाजूला एक बूच असते. ते फिरवून काढले की त्याला खाली एक काडी दिसते. काडी फडक्याने पुसा आणि पुन्हा भोकात सोडा. बहुतेक गाड्यांत या वेळी बूच नुसते टेकवायचे असते, आटे फिरवायचे नसतात. काडी बाहेर काढा. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्या खाली असेल, तर गाडी चालवू नका. वरच्या खुणेच्या वरही भरू नका. काही गाड्यांना काडीच्या जागी काचेची लहान खिडकी असते. तिथे डोळ्यानेच पातळी दिसते.

शंभर सीसीच्या गाडीत साधारण एक लिटर तेल मावते. म्हणजे तांब्याभरच. कोणत्या नंबरचे तेल आणि किती किलोमीटरनंतर बदलायचे, ते पुस्तिकेत लिहिलेले असते. बहुतेक गाड्यांना तीन ते सहा हजार किलोमीटरचा हिशेब असतो. शेतातल्या धुळीत चालणाऱ्या गाडीचे तेल थोडे आधी बदललेले बरे. बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे तेल पूर्ण निथळते. खालचा बोल्ट परत बसवताना जोर दाखवू नका. इंजिन नरम धातूचे असते, त्याचे आटे मरतात. जुने तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवर द्या. ऑइलचा डबा काही शे रुपयांना येतो. इंजिनचे काम काही हजारांचे असते.

तेलानंतर हवा. इंजिन हवा ओढते, आणि ती हवा गाळायला सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड एक गाळणी असते. तिला एअर फिल्टर म्हणतात. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा हडंबा चालतो. कुटार उडते आणि गाडी तिथेच बाजूला उभी असते. त्या महिन्याभरात गाळणी भरून जाते. मग गाडी जोर धरत नाही, पेट्रोल जास्त पिते, काळा धूर टाकते. गाळणी फोमची असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुता येते. कागदाची असेल, तर पाण्याने कधीच धुवायची नाही. ती फार भरली की बदलायची. गाळणी काढून टाकून गाडी चालवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. चार दिवस गाडी पळते, आणि धूळ आत जाऊन पिस्टन घासतो.

गाडी सुरूच होत नसेल तेव्हा घाबरू नका. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. याच क्रमाने बघा. टाकीत पेट्रोल आहे का? कॉक बंद तर नाही? हँडलवरचे लाल बटन चुकून बंद झाले आहे का? हसू नका, त्या बटनापायी मी एक माणूस दोन किलोमीटर गाडी ढकलताना पाहिला आहे. मग प्लग. इंजिन गार असताना प्लग पान्याने तो काढा. टोक काळ्या काजळीने भरले असेल, तर तारेच्या ब्रशने साफ करा. टोकातली फट जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. लोखंड कापायच्या करवतीचे पाते जवळजवळ तेवढेच जाड असते. ते फटीतून अडखळत गेले पाहिजे. प्लग बसवताना आधी हाताने फिरवा. आटे बरोबर लागले की मगच पाना लावा. आणि हे सगळे करताना विडी-काडी दूर ठेवा. टाकी जवळच असते.

आता चेन आणि ब्रेक. या दोन्ही गोष्टींवर जीव अवलंबून असतो, म्हणून सावकाश वाचा.

चेन अगदी ताणलेलीही नको आणि लोंबतीही नको. कव्हरला खाली रबराचे बूच असते, ते काढले की बोट आत जाते. चेन मध्यावर खालीवर हलवून बघा. लहान गाड्यांत ती साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी बघा, कारण जुनी चेन एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल असते. घट्ट करायची तर मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे खेचणीचे नट सारखेच फिरवायचे. तिथे पट्टीवर खुणा असतात. दोन्हीकडे एकच खूण आली नाही, तर चाक तिरपे बसते. चेन डिझेलच्या फडक्याने पुसा आणि मग ९० नंबरचे ऑइल लावा. जळके काळे ऑइल लावू नका, त्यात धातूचा कीस असतो.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावायची पद्धत आपल्याकडे फार आहे. काम झटपट होते खरे. पण फडके चेनमध्ये अडकले की बोट त्याच्यामागे जाते. इंजिन बंद ठेवा. चाक हाताने फिरवा.

चेन घट्ट करताना चाक मागे सरकते. त्यामुळे मागचा ब्रेक बदलतो. हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून चेननंतर ब्रेक बघायचाच. पायाचा ब्रेक दोन ते तीन सेंटिमीटर मोकळा जावा आणि मग लागावा. ब्रेकच्या दांड्याच्या टोकाला नट असतो, तो फिरवून हे जमवतात. मग चाक उचलून फिरवा. ते मोकळे फिरले पाहिजे. ड्रमच्या ब्रेकवर बाहेर एक बाण असतो आणि शेजारी एक खूण. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण त्या खुणेला भिडला, तर लायनर संपले. बदलून घ्या. नट आवळून आणखी दिवस काढू नका.

मागच्या ब्रेकच्या थाळीला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. तिच्या नटात बारीक कॉटर पिन असते. पंक्चर काढताना ही पट्टी सोडतात, आणि घाईत पिन राहून जाते. नट निघाला आणि तुम्ही ब्रेक मारला, तर थाळी फिरते आणि चाक जागच्या जागी अडकते. पंक्चर काढून झाले की पैसे देण्याआधी खाली वाका आणि पिन बघा.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या लहान गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले असतात. एक दाबला की दुसराही काही लागतो. अशा गाडीचा ब्रेक घरी बदलायला घेऊ नका.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर मोटारसायकल चालत नाही. आपला रस्ता पांदणीचा. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते, आणि चाक फिरायचे थांबते. गाडी रेटून रेस करू नका, क्लच जळतो. उतरा, काडीने माती काढा. नाला ओलांडला की ब्रेक भिजतो आणि लागत नाही. सावकाश चालवत दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे तो सुकतो. टाकीच्या झाकणाचे रबर फाटले असेल, तर बदला. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात पाणी शिरले की ते इथेनॉल ओढून टाकीच्या तळाशी बसते, आणि गाडी अडखळते.

टायरच्या हवेचा आकडा पुस्तिकेत आणि बहुधा चेनच्या कव्हरवरही असतो. पुष्कळ शंभर सीसीच्या गाड्यांना पुढे २५ आणि मागे एकट्याला २८ लागते. मागे माणूस किंवा पोते असेल, तर मागची हवा वाढवावी लागते. किती, ते तिथेच लिहिलेले असते. आकडे इंग्रजी असतात, पण ते तुम्ही मोबाइलवर रोज ओळखता.

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत कार्बोरेटर जवळजवळ गेला. पेट्रोल यंत्राने फवारले जाते. मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर आपण काही खोलायचे नाही. मेकॅनिककडे जायचे. तेल, चेन, हवा मात्र त्याही गाडीची आपणच बघायची.

मी सीटखाली पुस्तिकेबरोबर एक लहान वही ठेवतो. तीन रकाने आखले आहेत. तारीख, मीटरचा आकडा, काय केले. "१२ जून. ४१,३६०. ऑइल बदलले. चेन घट्ट केली. ब्रेक पाहिला." पुढच्या ओळीत पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, "ऑइल ४४,३६० ला."