विमानाच्या अंगणांतील शिस्त

विमानतळाचा जो भाग प्रवाशास दिसतो, ती केवळ ओसरी होय. खरा संसार पलीकडच्या अंगणांत चालतो. तेथें विमान येऊन उभें राहतें, सामान चढतें-उतरतें, इंधन भरलें जातें. या भागास 'एअरसाइड' असें म्हणतात. आपल्या नांदेड-लातुराकडील सुशिक्षित घरांतील मुलेंहि तेथें चाकरीस जातील. म्हणून त्या कामांतील धोक्यांचा व शिक्षणाचा विचार घरांतील वडील मंडळींनीं करावा, असें आम्हांस वाटतें.

या अंगणांतील बरेच धोके डोळ्यांस दिसत नाहींत. भरवेगानें फिरणारा पंखा दिसेनासा होतो. चालू इंजिन पुढून हवा ओढून घेतें व मागून तप्त झोत फेंकतें. त्यांत गोंगाट एवढा कीं, पाठीमागून आलेली गाडीहि ऐकूं येत नाहीं. १६ डिसेंबर २०१५ रोजीं मुंबईच्या विमानतळावर हैदराबादेस निघालेल्या विमानाजवळ उभा असलेला एक तंत्रज्ञ चालू इंजिनांत खेचला जाऊन गतप्राण झाला.

यासाठींच कांहीं नियम घालून दिले आहेत. विमानाचा तांबडा दिवा लुकलुकत असेपर्यंत कोणीं जवळ जावयाचें नाहीं. चाकांस अडसराचे ठोकळे लागल्यावांचून कामास हात घालावयाचा नाहीं. कानांवर आवरण व अंगांत चमकतें जाकीट हवेंच. इंधन भरण्यापूर्वीं विमान व टाकीची गाडी तारेनें जोडावयाची; नाहीं तर घर्षणानें सांचलेल्या विजेची ठिणगी पडावयाची. जमिनीवर पडलेला खिळा वा पत्र्याचा तुकडाहि तत्काळ उचलावयाचा. ही अतिशयोक्ति नव्हे. २५ जुलै २००० रोजीं पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळून ११३ माणसें दगावलीं, त्याचें मूळ धांवपट्टीवर पडलेल्या जेमतेम दीड फूट लांबीच्या धातूच्या पट्टींत सांपडलें. तिनें टायर फाटलें व त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला.

मग मोठ्या विमानतळांस हें सारें लागू, लहानांस त्याची काय मातब्बरी, असें कोणी म्हणेल. आमचें मत नेमकें उलट आहे. नांदेडच्या श्रीगुरुगोविंदसिंहजी विमानतळावरून एप्रिल २०१७ मध्यें 'उडान' योजनेखालीं हैदराबादची सेवा सुरू झाली. पुढें मध्यंतरीं ती खंडितहि झाली. लातुरास तर विमान उतरणें हेंच क्वचित्. अतिपरिचयानें अवज्ञा होते हें खरें. पण अल्पपरिचयानें विस्मृति होते, हेंहि तितकेंच खरें. जेथें दिवसाकाठीं शेंकडों विमानें येतात तेथें हात आपोआप वळणावर पडतो. जेथें तीं मोजकींच येतात, तेथें ही संवय सरावानेंच टिकवावी लागते. शिवाय मराठवाड्याचा उन्हाळा! वैशाखांत तापलेल्या डांबरावर तासन् तास उभ्या राहणाऱ्या माणसाचें भान सुटूं लागतें. म्हणून पाणी, सावली व विसांवा हेहि सुरक्षिततेचेच भाग समजले पाहिजेत.

शाळेंत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. पाठ म्हणून दाखविणें आणि प्रसंगीं आठवणें यांत फार अंतर असतें, हें आम्ही जाणतों. एक दिवस व्याख्यान ऐकवून कागदावर सही घेतली, म्हणजे शिक्षण झालें असें नव्हे. प्रत्यक्ष विमानाजवळ नेऊन दाखवावें, करवून घ्यावें, आणि ठराविक काळानें पुन्हां करवून घ्यावें. मुख्य म्हणजे, सर्वांत कनिष्ठ हमालासहि कांहीं वावगें दिसतांच 'थांबा' म्हणण्याचा अधिकार असावा, व तसें म्हटल्याबद्दल त्याला बोलणीं खावीं लागूं नयेत. हा धीर शिकविला जात नसेल, तर बाकीचें शिक्षण लंगडें होय.

मुलास अशी नोकरी लागली म्हणजे पगार किती, हें आपण प्रथम विचारतों. त्याच्या जोडीस आणखी दोन प्रश्न विचारावे: काम हातीं देण्यापूर्वीं तुला किती दिवस शिकविलें? आणि तूं 'थांबा' म्हणालास, तर तेथें कोणी ऐकेल काय?