कांद्याच्या पापुद्र्यातले जीवशास्त्र

पेशी म्हणजे सजीवांचे रचनात्मक आणि कार्यात्मक एकक. ही व्याख्या आठवी-नववीतली मुले एका दमात म्हणून दाखवतात. केंद्रक, रिक्तिका, परासरण, विकर, गुणसूत्र हेही पाठ असते. पण कोशिंबिरीत मीठ घातल्यावर पाणी का सुटते, असे विचारले की त्यातली बरीचशी गप्प होतात. हे शब्द त्यांच्यापुढे सुटे सुटे येतात, म्हणून असे घडते. प्रत्यक्षात यातला प्रत्येक शब्द पेशीतली एखादी जागा किंवा एखादे काम सांगतो आणि एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून पुरता उलगडत नाही. ते नाते बघायला घरातला एक कांदा पुरतो.

कांदा उभा चिरा. मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने अलगद ओढा. स्लाइडवर पाण्याच्या थेंबात तो सुरकुती न पडता पसरा, आयोडीनचा थेंब सोडा, वर कव्हरस्लिप ठेवा. सूक्ष्मदर्शकातून लांबट, एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या रांगा दिसतील. सारख्या रचनेच्या आणि एकच काम करणाऱ्या पेशींचा असा समूह म्हणजे ऊती. प्रत्येक पेशीभोवतीची ठळक रेषा म्हणजे सेल्युलोजची पेशीभित्तिका. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिले ते अशाच भित्तिकांचे रिकामे कप्पे होते, कारण बुचातल्या पेशी मेलेल्या असतात. कांद्याच्या पेशीत मात्र पिवळसर तपकिरी ठिपकाही दिसतो. ते केंद्रक. रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडचा अभ्यास करताना १८३१ मध्ये त्याला नाव दिले. हा ठिपका बहुधा मध्यभागी नसून एका कडेला सरकलेला असतो. मधली जागा रसाने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते, म्हणून. हिरवी लवके मात्र इथे सापडणार नाहीत. प्रकाशसंश्लेषणाचे काम वरची पात करते. खालच्या पाकळ्या अन्न साठवतात.

आता लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची जांभळी साल घ्या. तिचा रंग रिक्तिकेतल्या रसात असतो. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाचे पाणी सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने आतले पाणी टिपून घ्या. काही मिनिटांत पेशीतला जांभळा भाग आकसतो, अधिक गडद होतो. भित्तिका मात्र जागची हलत नाही. तिच्या आतले नाजूक आवरण, म्हणजे प्रद्रव्यपटल, तिच्यापासून सुटून आत ओढले जाते. भित्तिकेतून मीठ आणि पाणी दोन्ही जातात. पटल पाण्याला सहज वाट देते, मिठाला तशी देत नाही. म्हणून पाणी कमी क्षाराच्या बाजूकडून जास्त क्षाराच्या बाजूकडे निघून जाते. हेच परासरण, आणि कोशिंबिरीला सुटणारे पाणीही यामुळेच. मिठाच्या जागी लगेच साधे पाणी सोडले तर रंग पुन्हा पसरतो.

कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येते, त्यातही पेशीची रचनाच आहे. अख्खा कांदा हातात कितीही वेळ धरला तरी डोळे चुरचुरत नाहीत. पेशीद्रव्यात गंधकयुक्त संयुगे असतात आणि त्यांचे विघटन करणारे अॅलिनेज हे विकर रिक्तिकेत असते. दोघांच्या मध्ये रिक्तिकेचे पटल असते. सुरी फिरली की पेशी फुटतात, दोन्ही द्रव्ये एकत्र येतात आणि काही सेकंदांत रासायनिक क्रिया सुरू होते. त्यातून तयार झालेल्या पदार्थावर दुसरे एक विकर काम करते आणि डोळ्यांना झोंबणारा वायू बाहेर पडतो. हे दुसरे विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधून काढले. कुरतडणाऱ्या किड्यांपासून आणि प्राण्यांपासून बचाव करण्याची ही वनस्पतीची तजवीज आहे. विकर म्हणजे जैवरासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे, बहुधा प्रथिनाचे बनलेले द्रव्य. थंडीत त्याचे काम मंदावते, म्हणून फ्रिजमधला कांदा कमी झोंबतो. उष्णतेने त्याची घडण मोडते, म्हणून परतलेल्या कांद्यात तो तिखटपणा उरत नाही. धारदार सुरीने पेशी कमी चिरडतात, त्यामुळे त्रासही कमी होतो.

कांद्याचे बूड पाण्याला टेकेल असा तो पेल्यावर ठेवला की काही दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात, म्हणून महाविद्यालयांत सूत्री विभाजन याच मुळांवर शिकवतात. तिथे पेशीत १६ गुणसूत्रे मोजता येतात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. तरीही कांद्याच्या पेशीतला डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट आहे! गुणसूत्र, डीएनए आणि जनुक या तीन शब्दांची मुले नेहमी गल्लत करतात. ती इथे दूर होते. डीएनए हा रेणू, त्याची प्रथिनांसह झालेली बांधणी म्हणजे गुणसूत्र आणि त्या डीएनएतला विशिष्ट कामाचा भाग म्हणजे जनुक. कांद्याच्या डीएनएचा मोठा हिस्सा पुन्हा पुन्हा येणाऱ्या अनुक्रमांचा आहे, त्यामुळे डीएनए पाचपट म्हणून जनुकेही पाचपट असे होत नाही.

परीक्षेसाठी व्याख्या लिहावीच लागते आणि ती अचूकच असावी. पण शिक्षकांनी तिच्याआधी पापुद्रा दाखवावा, मिठाचे पाणी सोडावे आणि पेशीत काय बदलले हे मुलांनाच त्यांच्या शब्दांत लिहू द्यावे. मग व्याख्येतला प्रत्येक शब्द कशासाठी आला आहे, हे त्यांना नेमके सांगता येईल.