बाळंतिणीची खोली

सातव्या महिन्यात ओटी भरली, की लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. डिंक, खारीक, अळीव यांची जमवाजमव कधीच सुरू झालेली असते. खोलीची आठवण मात्र शेवटी होते. तिच्या वाट्याला येते ती मधली काळोखी खोली. तिथेच बियाण्याची पोती आणि कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचे डबे!

मायबहिणींनो, आधी ते डबे हलवा. औषध चोळलेले बियाणेही हलवा. राहत्या घराबाहेर कुलपात ठेवा. मग भिंतींना चुना द्या. लेक येण्याआधीच द्या, म्हणजे ओल आणि वास राहणार नाही. खिडकी नसेल तर गवंड्याला बोलवा. हे काम घरधन्याने अंगावर घ्यावे.

शेगडीशिवाय बाळंतपण कसले, असे आजी म्हणतीलच. पण बंद खोलीतल्या कोळशाचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. झोपेतच घात होतो. बाळाला आईच्या अंगाची ऊब द्या. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवा. नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते.

सारवण आधीच उरका. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. नाळेला शेण, राख काही लावायचे नाही, ती कोरडी ठेवायची. पहिला पिवळसर चीक काढून टाकू नका, तो बाळाला तासाभरात पाजा.

बाळंतपण दवाखान्यातच करा. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर दारामागे खडूने ठळक लिहा. बॅटरीत सेल आहेत ना, तेही पाहा.