कीर्द, खतावणी आणि संगणक

'कीर्द' हा शब्द फारसीतून आला आणि मराठी दफ्तरात रुळला. रोजचा व्यवहार कीर्दीत मांडावयाचा, तेथून तो खातेवार खतावणीत उतरवावयाचा, तेरीज जुळली की ताळेबंद करावयाचा, ही लेखापालाच्या कामाची परंपरागत वाट होय.

संगणकाने या वाटेवरील मधले टप्पे नाहीसे केले. १९८६ साली गोयंका पितापुत्रांनी स्थापिलेल्या संस्थेतून पुढे 'टॅली' ही प्रणाली घडली. एकदा नोंद केली की खतावणी व तेरीज आपोआप होऊ लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक वार्षिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना, अन्य नोंदणीकृत व्यापाऱ्यांस दिलेली बिले सामान्यतः शासकीय पोर्टलवर नोंदविणे आवश्यक झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक ठरले. खाडाखोड झाकणे अवघड झाले.

मग लेखापालाच्या पेढीत काम कोणते उरले? पारखण्याचे. यंत्र बेरजेत चुकत नाही. परंतु घरखर्च दुकानाच्या खाती पडला, तर त्याचीही बेरीज ते बिनचूक करते. ही विसंगती ओळखण्यास नजर लागते. पूर्वी उमेदवार ती खतावणी लिहिता लिहिता कमावीत असे. ती पायरी आता गेली. म्हणून जुळलेल्या ताळेबंदावरही शंका घेण्यास मुद्दाम शिकविणे, हे पेढ्यांचे आणि शाळांचेही कर्तव्य ठरते.