‘दोन वर्षांनी परत जायचंय’



बारावी झालेल्या मुलांची नावं आणि टक्के आपल्या अंकात छापले जातात. या वेळी संपादक काकांनी टक्के नकोत, लेख द्या म्हणून सांगितलं. आम्ही सातजण. आमची शाळा मार्च २०२५मध्ये संपली. चौघं इंडियन स्कूलमधले, तिघं जपानी हायस्कूलमधले. जपानी शाळेतल्या दोघांचं देवनागरी वाचन सावकाशीचं आहे, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. एका काकूंनी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. तेव्हा हा लेख सगळ्यांचा मिळून आहे.

लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सातही घरांत एक वाक्य सारखं होतं. ‘दोन वर्षांनी परत जायचंय.’ सोफा घेताना हेच, पियानोचा क्लास लावताना हेच, आणि आम्ही सहा वर्षांचे झाल्यावर शाळा निवडतानाही हेच. आई-बाबांना दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. २०००च्या सुमाराला वाय-टू-केच्या कामासाठी निशिकासाईत पहिली आयटी मंडळी आली, तीही दोन-तीन वर्षांच्या कंत्राटावरच. तोझाई लाईनने ओतेमाची जवळ, भाडी बरी, आणि आधीपासून राहणारे काही भारतीय मदतीला. त्या वेळी मुलं मोठी झाली की आई मुलांना घेऊन भारतात परतायची आणि बाबा इथे एकटे राहायचे, असं कितीतरी घरांत झालं. मग २००४ साली इंडिया इंटरनॅशनल स्कूल सुरू झालं, २००६मध्ये ग्लोबल इंडियनची टोकियो शाखा आली, २००९मध्ये योकोहामाला किरिगाओकात महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत पहिल्या शाळेची शाखा निघाली. इथे राहूनच सीबीएसई करता येऊ लागली. एप्रिलला वर्ष सुरू आणि मार्चला संपणार, हे भारताचं आणि जपानचं सारखंच, त्यामुळे कधीही उचलून पुण्या-मुंबईच्या शाळेत बसवता येईल ही सोय.

ज्यांच्या घरी ते वाक्य जोरात होतं ती मुलं इंडियन स्कूलमध्ये गेली. ज्यांच्या घरी जरा हळू होतं, किंवा फी जड जात होती, ती घराजवळच्या सरकारी शोगाक्कोत. परदेशी मुलांना इथे शाळेची सक्ती नाही, पण वॉर्ड ऑफिसात अर्ज केला की सरकारी शाळेत फुकट घेतात. एकाच इमारतीत चौथ्या आणि सातव्या मजल्यावर राहणारी आम्ही मुलं अशी सकाळी दोन दिशांना जाऊ लागलो.

हायस्कूलपर्यंत हे अंतर इतकं वाढलं की शनिवारी कासाई रिंकाई पार्कात भेटल्यावर काय बोलायचं हा प्रश्न पडायचा. आमच्यातल्या जपानी शाळेवाल्यांची मोठी परीक्षा नववीच्या शेवटी, फेब्रुवारी २०२२मध्ये झाली, हायस्कूलच्या प्रवेशाची. इंडियन स्कूलवाल्यांची २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावीची. एकाला ताण असे तेव्हा दुसरा मोकळा. एकाच्या तोंडी कांजी, दुसऱ्याच्या तोंडी एनसीईआरटी. प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात आणि पुढे हायस्कूल संपेपर्यंत २,१३६ यायला लागतात. हे ऐकल्यावर इंडियन स्कूलवाले बाराखडीबद्दल तक्रार करायचे थांबले. दोन्हींकडच्या मुलांना सहज येणारी भाषा शेवटी मराठीच उरली, तीही घरगुती. ‘पंखा लाव’, ‘जेवायला ये’ इतपत सगळ्यांना येते. त्या मराठीत भविष्याबद्दल बोलायला गेलं की शब्द संपतात. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा घरोघरीचे व्हॉट्सअ‍ॅप अभिनंदनाने भरून गेले. ‘अभिजात’ म्हणजे काय, हे आम्ही आईला विचारलं, आणि दोन घरांत आईने बाबांना विचारलं.

आता जपानी हायस्कूलबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक सभासदांना ते आतून माहीत नाही. एप्रिल २०२२मध्ये दहावीला गेलेली आमची तुकडी नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी. पहिलं वर्ष सगळं मास्कमध्ये. डबा खाताना समोर बघायचं आणि बोलायचं नाही, असं नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत चाललं. एप्रिल २०२३मध्ये मास्कची अट गेली, आणि वर्षभर शेजारी बसलेल्या मुलीची हनुवटी आम्ही अकरावीत पहिल्यांदा पाहिली. कित्येकांना चेहरा दाखवायची लाज वाटे. कोणी उन्हाळ्यापर्यंत मास्क काढलाच नाही.

शाळा सुटल्यावर वर्ग आपणच झाडायचा, मग बुकात्सु म्हणजे क्लबचा सराव, आणि घरी यायला सात. सेन्पाईपुढे वाकायचं, कोहाईला सांभाळायचं. आपल्याकडच्या मोठ्यांच्या पाया पडण्याची सवय इथे कामी आली, असं आमच्यातला एक म्हणतो. डब्यात आई पोळी-भाजी द्यायची. पहिल्या महिन्यात आम्ही झाकण अर्धंच उघडत होतो, तिसऱ्या महिन्यात बटाट्याच्या भाजीला गिऱ्हाईक लागलं. नावांचं तर विचारू नका. कुलकर्णीचं ‘कुरुकारुनि’ होतं हे आपण जाणतोच, पण जोशी आडनावाच्या मुलाचे हाल वेगळेच. ‘जोशी’ म्हणजे जपानीत मुली. व्यायामाच्या तासाला सरांनी ‘जोशी इकडे’ म्हटलं की हा उठून उभा.

मार्चच्या सोत्सुग्योशिकीला, म्हणजे निरोप समारंभाला, सगळे आई-बाबा सूट घालून आले. प्रत्येकाचं नाव घेतात, ‘हाई’ म्हणून उभं राहायचं. एका आईने साडी नेसली होती. लाजल्यासारखं वाटेल असं आम्हाला आदल्या रात्री वाटत होतं, प्रत्यक्षात वर्गातल्या निम्म्या मुलींनी तिच्याबरोबर फोटो काढले. इथे मुलाच्या गणवेशाचं दुसरं बटण आवडत्या मुलीला द्यायची पद्धत आहे. आमच्यातल्या एकाचं बटण मागायला कोणी आलं का, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

इंडियन स्कूलवाल्यांच्या निरोपाला असा थाट नव्हता, कारण बोर्डाची परीक्षा १५ फेब्रुवारीला सुरू झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. निकाल १३ मेला लागला. इथेच खरी गोम आहे. जपानी विद्यापीठं एप्रिलला सुरू होतात. निकाल हातात येईपर्यंत तिथले वर्ग भरून महिना झालेला असतो. म्हणून इंडियन स्कूलवाल्यांची धाव वासेदा किंवा सोफियासारख्या ठिकाणच्या इंग्रजी माध्यमाच्या, सप्टेंबरला सुरू होणाऱ्या वर्गांकडे. अटी विद्यापीठागणिक वेगळ्या, शाळेची मान्यता कोणती हेही विचारतात, आणि अर्ज आदल्या हिवाळ्यातच सुरू होतात. भारतात जायचं तर अनिवासींच्या कोट्याची फी बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये. आम्ही आठवीत असताना, २०२१च्या सुरुवातीला, शंभर येनचे सत्तरच्या आसपास रुपये होत होते. बारावीत, जुलै २०२४मध्ये, बावन्नच्या आसपास. बाबांचा पगार येनमध्ये. जेवताना विनिमय दराच्या गप्पा आम्ही त्या वर्षी जितक्या ऐकल्या तितक्या कधीच ऐकल्या नव्हत्या.

याहून मोठी गोष्ट आमच्या झाइर्यू कार्डावर लिहिलेली असते, आणि ती घरांत फार कमी बोलली जाते. आमच्यातले पाचजण ‘डिपेंडंट’ आहेत. म्हणजे बाबांच्या किंवा आईच्या व्हिसाच्या आधाराने. शिकत आहोत तोवर ठीक. परवानगी काढून आठवड्याला २८ तास पार्ट-टाइम करता येतं, त्याहून जास्त नाही. एप्रिल २०२२पासून इथे अठराव्या वर्षी सज्ञान धरतात. फोनचा करार स्वतः करता येतो, पण पूर्णवेळ नोकरी या व्हिसावर करता येत नाही. आई-बाबा परत गेले तर आधारच जातो.

यावर इमिग्रेशनने एक वाट ठेवली आहे. प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंत जपानी शाळांत शिकून नोकरी पक्की झाली, तर ‘तेइजूशा’, म्हणजे दीर्घकालीन रहिवासी, असा दर्जा मागता येतो. उशिरा येऊन जपानी हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांसाठी ‘तोकुतेई कात्सुदो’ हा दुसरा दर्जा आहे, त्याला आणखी अटी आहेत. हे दोन्ही नियम जपानी शाळांत शिकलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले. इंडियन स्कूलवाल्यांनी आधी जपानी विद्यापीठ किंवा तांत्रिक शाळा पूर्ण करून मग कामाचा व्हिसा मागायचा, ही रुळलेली वाट. ज्यांच्या घरी पर्मनंट रेसिडेन्सी झाली आहे आणि मुलांचीही काढली आहे, त्यांना यातलं काही लागत नाही. नियम बदलतात, तेव्हा आमच्यावर न विसंबता इमिग्रेशनच्या कचेरीत विचारावं. पण सहाव्या वर्षी निवडलेली शाळा अठराव्या वर्षी व्हिसाच्या अर्जात येऊन उभी राहते, हे आम्हाला बारावीच्या हिवाळ्यात कळलं. मुलं सातवी-आठवीत असतानाच हे घरात मोकळेपणाने बोललं जावं असं आम्हाला वाटतं. ‘दोन वर्षांनी परत’ हे वाक्य खरं असेल तर तारीख सांगा. नसेल तर तेही सांगा.

त्या वाक्याने आम्हाला दुसऱ्या बाजूनेही पोळलं. मार्च २०२०मध्ये भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं थांबली ती दोन वर्षं. जपानचं दार पाहुण्यांना पुरतं उघडलं ते ११ ऑक्टोबर २०२२ला. आमच्यातल्या तिघांनी आजी किंवा आजोबांना फोनच्या पडद्यावरच शेवटचं पाहिलं. परत जायचं होतं ते ज्यांच्याकडे, त्यांतली माणसं कमी झाली. त्यानंतर दोन घरांत ते वाक्य कोणी उच्चारलेलं आम्ही ऐकलं नाही.

या वर्षांत एक गोष्ट आम्हाला फार आवडली, ती सांगायला हवी. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक एप्रिल २०१९मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, आणि एप्रिल २०२३मध्ये इबाराकीतल्या त्सुचिउरा फर्स्ट हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. १८९७ साली सुरू झालेली शाळा, तिची १९०४ची जुनी लाकडी इमारत राष्ट्रीय वारसा म्हणून जपलेली, आणि तिचा मुख्याध्यापक झाला मराठी माणूस. आमच्यातल्या एकाने ही बातमी वर्गशिक्षकांना दाखवली. ते म्हणाले, “मग तू शिक्षक का होत नाहीस?” असा प्रश्न त्याला यापूर्वी कोणी विचारला नव्हता. आपल्याकडे विचारतात ते ‘कम्प्युटर की मेकॅनिकल?’ एवढंच. तो आता शिक्षकाच्या शिक्षणक्रमाला आहे, जपानी माध्यमात. इतर सहांपैकी दोघं भारतात, तिघी सप्टेंबरच्या प्रवेशाने टोकियोतच, आणि एकजण वर्षभर पुन्हा परीक्षेची तयारी करायला बसला. इथे त्याला ‘रोनिन’ म्हणतात, म्हणजे मालक नसलेला सामुराई. हे नाव ‘ड्रॉप घेतलाय’पेक्षा ऐकायला बरं, असं त्याचं म्हणणं.

जाताना दोन कामाच्या गोष्टी. अकरावी-बारावीच्या सीबीएसई सायन्सच्या पुस्तकांचे दोन पूर्ण संच आणि जपानी हायस्कूलची गणिताची, ‘जोहो’ म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाची पुस्तकं आमच्याकडे पडून आहेत. गणपतीच्या कार्यक्रमाला प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवू, ज्यांना हवीत त्यांनी न्यावीत. आणि आठवी-नववीतल्या ज्या मुलांना काही विचारायचं असेल त्यांनी आरतीनंतर तिथेच थांबावं. आई-बाबांनी तेवढा वेळ शेजारच्या खोलीत चहा घ्यावा.