हरकत आणि ना हरकत

संपादकांनी पाठवलं ते वेगळ्याच कामासाठी. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड कसं झालं, एवढंच लिहून आणायचं होतं. तालुक्यातल्या ७० पैकी ५८ ग्रामपंचायतींनी त्यासाठी ठराव केले. पुणे जिल्हा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, पुढे राज्याने शिफारस केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी आली. सातारा रस्ता सोडून नसरापूरकडे वळलो तेव्हा लेख जवळजवळ लिहून झाल्यासारखाच वाटत होता.

मार्गासनी ओलांडेपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या मोजायचा नाद लागला. ‘किल्ल्याच्या कुशीत फार्महाऊस’, ‘धरणव्ह्यू प्लॉट’, ‘गुंठ्यापासून पुढे’. भाताची खाचरं कमी आणि तारेची कुंपणं जास्त दिसू लागली. मग मनात आलं, ज्या ठरावाने तालुक्याचं नाव बदलतं, त्याच ठरावाने या खाचरांचं काय होईल हे ठरतं का? त्या एका प्रश्नापायी लेख भलतीकडेच गेला.

ज्या ग्रामपंचायतीत बसलो तिचं नाव लिहायचं नाही, अशी बोली झाली आहे. गाव डोंगराच्या पायथ्याचं, निम्मे मतदार पुण्या-मुंबईत. ग्रामसेवकांचं सरकारी पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं झालंय, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. चहा सांगितल्यावर त्यांनी कपाटातून एक वही काढली. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, प्रत्येक पानावर क्रमांक, पहिल्या पानावर एकूण पानांचा दाखला. ही ग्रामसभेची कार्यवाही नोंदवही. “साहेब, पंचायतीचं ऑफिस जळालं तरी चालेल,” ते म्हणाले, “ही राहिली पाहिजे.”

कागदावरचा इतिहास थोडक्यात असा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला जागा दिली आणि ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये तिला संविधानात बसवलं. वर्षाला किमान चार सभा व्हाव्यात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा भरावी, असा नियम आहे. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांतला कमी आकडा पुरतो. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

वहीत आधी हजेरी: सह्या आणि मधूनमधून जांभळे अंगठे. मग विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. गटार, पथदिवे, शाळेची भिंत, स्मशानभूमीची शेड हे सगळे विषय क्रमवार येतात. अगदी तळाशी मात्र हटकून एक ओळ असते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.’ पाचसहा वर्षांची पानं उलटली. जमिनीचा प्रत्येक मोठा प्रश्न, मग तो रिंगरोड असो, इको सेन्सिटिव्ह झोन असो वा प्राधिकरणाचा आराखडा, या तळच्या ओळीतच सापडला. गावाचं भवितव्य कायम ऐनवेळीच येतं.

त्याला कारण आहे. भोर-वेल्ह्यातला काही भाग २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, म्हणजे पीएमआरडीएत आहे. तिथे गावठाणाबाहेर घर बांधायचं तर परवानगी पंचायतीची नाही, प्राधिकरणाची. कुठला गट शेती विभागात राहील, कुठला रहिवासी होईल, रस्ता कुणाच्या बांधावरून जाईल हे विकास आराखडा ठरवतो. २०२१ मध्ये प्रारूप आराखडा जाहीर झाला तेव्हा गावात त्याचा नकाशा आला तो कुणाच्या तरी मोबाईलवर. पिवळा रंग रहिवासीचा, हिरवा शेतीचा. भाऊसाहेब सांगतात, माणसं बोटांनी स्क्रीन मोठी करून आपला गट शोधत होती. पिवळ्यात सापडला तो हसत घरी गेला, हिरव्यातला किंवा रस्त्याखालचा तिथेच बसून राहिला.

मग ऐनवेळच्या विषयात ठराव झाला. खरं तर दोन झाले. पहिला सर्वसाधारण सभेचा: ‘सदर आराखड्यामुळे गावावर अन्याय होत असून तो रद्द करण्यात यावा.’ अडीच ओळी. दुसरा महिला सभेचा. ती सभा बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती असते. इथे एका आजींनी भाऊसाहेबांना वही मिटू दिली नाही. डोंगरउतारावर एक झरा आहे, एप्रिल-मेमध्ये टँकर येईपर्यंत वाडी त्याच्यावर जगते. नकाशात तिथे झरा नव्हताच, नुसता रंग होता. आजी म्हणाल्या, “भाऊसाहेब, आधी नंबर लिहा.” आणि भाऊसाहेबांनी लिहिले: झऱ्याचा गट नंबर, त्याच्या वरच्या तीन गटांचे नंबर, गुरांची वाट, देवाच्या पालखीची वाट आणि गायरानाची हद्द. दीड पान भरलं. खाली सूचक म्हणून आजींचा अंगठा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हे दीड पान. पहिल्या ठरावाला उत्तर द्यायची वेळच येत नाही, कारण तो काहीच विचारत नाही. दुसऱ्याला ‘नाही’ म्हणायचं तर अधिकाऱ्याला झऱ्यापर्यंत चढून जावं लागतं. खरं तर या डोंगरांत कागदाचं मोल जुनंच आहे. बारा मावळांतल्या गोतसभा वतनाचे नि हद्दींचे तंटे असेच बसून ऐकत आणि निवाड्याचा महजर करून देत. साक्षीदारांची नावं आणि निशाण्या त्यावर असत. आजींचा अंगठा त्याच वंशातला.

पण महजर हा निवाडा होता. ग्रामसभेचा ठराव आराखड्यापुढे पोचतो तो नुसती ‘हरकत’ म्हणून. त्या आराखड्यावर सुमारे ६७ हजार हरकती-सूचना आल्या. एका अख्ख्या गावाचा ठराव आणि एका प्लॉटवाल्याचा अर्ज एकाच गठ्ठ्यात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो प्रारूप आराखडाच रद्द केला. गावाने फटाके वाजवले. भाऊसाहेब वाजवायला गेले नाहीत. म्हणाले, “आराखडा रद्द झाला साहेब, हरकत मंजूर झाली नाही. पुढच्या नकाशात झरा पुन्हा नसंल.”

इथून अडचणी सुरू होतात, आणि त्या सगळ्या सरकारच्या दारात टाकता येत नाहीत.

पहिली अडचण अधिकाराची. पुणे जिल्ह्यात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे तो जुन्नर-आंबेगावच्या अनुसूचित भागात. भोर-वेल्ह्याला ते कवच नाही. ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटची खाण नाकारली, ती वनहक्क कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाच्या बळावर. गोव्यात लोकांनी रस्त्यावर येऊन २००७ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मागे घ्यायला लावला. आपल्याकडे मात्र उलटाच प्रकार घडला. मुळशी-वेल्ह्यातली मोसे खोऱ्यातली १८ गावं २००१ मध्ये गिरिस्थानासाठी अधिसूचित झाली आणि २००८ मध्ये लवासा कंपनीलाच तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. ते अधिकार २०१७ मध्ये काढून पीएमआरडीएकडे दिले, पण नोंद राहिलीच: स्वतःच्या जमिनीचं नियोजन करण्याचा जो अधिकार ग्रामसभेला कधी मिळाला नाही, तो कंपनीला नऊ वर्षं मिळाला होता.

दुसरी अडचण माहितीची. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावेत असं म्हटलं होतं. तो अहवालच लोकांसमोर यायला २०१२ चा मे उजाडला. गावात पोचली ती अफवा: घराला वीट लावता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत. ज्या अहवालाने ग्रामसभेला सर्वांत जास्त मान दिला, त्याच्याविरुद्ध घाटातल्या कितीतरी ग्रामसभांनी ठराव केले. या वहीतही तसा एक आहे. ऐनवेळचा, सर्वानुमते.

तिसरी अडचण गावाचीच, आणि सर्वांत अवघड. सगळ्यांना झरा हवाय, पण स्वतःचा गट पिवळाही हवाय. हिरव्यातल्या गुंठ्याला भाव मिळत नाही, आणि भातशेतीवर पोराचं लग्न होत नाही. ज्या जमिनी विकल्या गेल्या त्यांचे नवे मालक इथले मतदार नाहीत, ते सभेला येत नाहीत. जे मतदार आहेत त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईत. मग गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि पुढच्या वेळी पंधरावीस माणसांत एखाद्या रिसॉर्टला ‘ना हरकत’ मिळून जाते. कायद्यात बसतं सगळं.

परतताना ‘ना हरकत’ हा शब्द डोक्यात फिरत होता. जमिनीच्या बाबतीत गावाला दोनच शब्द दिले आहेत: हरकत आणि ना हरकत. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर रुसायचं किंवा मान डोलवायची. ‘आम्हांला असं हवंय’ म्हणायला रकाना आहे तो पंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात, पण तो गटार आणि पेव्हर ब्लॉकपुरता. ५८ पंचायती मिळून तालुक्याला नवं नाव देऊ शकल्या, कारण तिथे त्यांना काय हवंय ते सांगता आलं.

नवा आराखडा आज ना उद्या येईलच. त्याची वाट न बघता झरे, वाटा, गायरानं, उतार गट नंबरांसकट वहीत चढवणं आजच्या कायद्यातही शक्य आहे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ग्रामसभेचे दिवस: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तुमचं नाव अजून गावच्या मतदार यादीत असेल, तर यांतल्या एका दिवशी गावी जा. आणि तो विषय ऐनवेळी नको, पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावा.